स्तनाचा कर्करोग: शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घ्यावी का? अंदाज सांगणारे साधन आणि आपला निर्णय

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर डॉक्टर पुढील औषधोपचारांविषयी बोलतात. अशा वेळी काही डॉक्टर संगणकावर ‘प्रेडिक्ट’ नावाचे साधन उघडून आकडे दाखवतात. ते आकडे कसे वाचावेत, याची माहिती येथे दिली आहे.

हे साधन काय करते?

हे मोफत साधन इंग्लंडमध्ये तयार झाले. आपले वय, गाठीचा आकार व ग्रेड, काखेतील किती गाठींमध्ये कर्करोग पोहोचला आहे, आणि ईआर व हर-२ तपासणीचे निष्कर्ष त्यात भरले जातात. ही माहिती शस्त्रक्रियेनंतरच्या बायोप्सी अहवालात असते. म्हणून अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

आकडे कसे वाचावेत?

उत्तर नेहमी 100 स्त्रियांच्या हिशेबात येते. समजा, आपल्यासारख्या 100 स्त्रियांपैकी केवळ शस्त्रक्रियेने 10 वर्षांनंतर 80 जणी हयात असतील, हार्मोनच्या गोळ्यांमुळे आणखी 4, आणि केमोथेरपीमुळे आणखी 2. (हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत; आपले वेगळे असतील.) म्हणजे 100 जणींनी केमोथेरपी घेतली, तर तिच्यामुळे 2 जणी वाचतात. केमोथेरपीचा त्रास मात्र 100 पैकी बहुतेक जणींना सोसावा लागतो. त्या 2 जणींत आपण असू की नाही, हे कोणतेही साधन सांगू शकत नाही.

हा 2 चा आकडा मोठा की लहान, हे डॉक्टर ठरवू शकत नाहीत. लहान मुले असलेली आई त्यासाठी सर्व त्रास सोसायला तयार होईल. सत्तरीच्या आजी ‘गोळ्या पुरेत’ म्हणतील. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. घरातील पुरुषांनी आकडा ऐकून परस्पर निर्णय घेऊ नये. रुग्ण स्त्रीला समोर बसवूनच हे बोलणे व्हावे.

मर्यादा

हे साधन इंग्लंडमधील स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेले आहे. भारतातील स्त्रियांना आकडा तंतोतंत लागू पडेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच केमोथेरपी सुरू झाली असल्यास, किंवा कर्करोग हाडे, यकृत, फुप्फुस अशा ठिकाणी पसरला असल्यास ते वापरू नये. शिवाय इतर आजार आणि उपचार अर्धवट सुटण्याची शक्यता त्यात पूर्णपणे येत नाही. हार्मोनच्या गोळ्यांचा पूर्ण लाभ त्या किमान 5 वर्षे नियमित घेतल्यासच मिळतो. त्यामुळे घरी स्वतः आकडे भरून उपचार ठरवू नका किंवा थांबवू नका.

योजना आणि आपला निर्णय

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिओथेरपी यांची पॅकेजेस त्यात आहेत. म्हणून ‘पैसे नाहीत, केमो नको’ असे आधीच ठरवू नका. तसेच ‘फुकट आहे, घेऊन टाकू’ हेही कारण नव्हे. बुडणारी मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च आणि मुलांना कोण सांभाळणार, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

योजनेत कर्करोगाचा उपचार आराखडा ट्यूमर बोर्डाने, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवावा अशी अपेक्षा आहे. आपले प्रकरण बोर्डापुढे गेले का, हे विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा आपला हक्क आहे. त्यासाठी रुग्णालय अहवाल नाकारू शकत नाही.

डॉक्टरांना विचारा: या उपचाराने 100 पैकी किती जणींना जास्तीचा फायदा होतो? न घेतल्यास काय होईल? कोणता त्रास तात्पुरता आणि कोणता कायमचा? ठरवायला मला किती दिवस आहेत? आकडा कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेली टक्केवारी घरी पोहोचेपर्यंत बदलते, हा अनेकांचा अनुभव आहे.

पॅकेज किंवा कार्डाबाबत अडचण असल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा अथवा 14555 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.