तंजावरच्या छत्रांतील चाकरांच्या नेमणुका

अन्नछत्राचा कागद हातीं आला म्हणजे आपण आधीं दात्याचें नांव पाहतों, मग मिती, मग गांव. तांदूळ किती व तूप किती एवढें टिपून झालें कीं कागद दप्तरांत परत जातो. आचारी, पाणके, झाडलोट करणारे, वैद्य, पंतोजी यांच्या वेतनाचे बंद बहुधा अवाचितच राहतात. आमच्या मतें छत्राचा खरा इतिहास या बंदांत आहे, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या छत्रांवरून तें चांगलें दाखवितां येतें.

रामेश्वरास जाणाऱ्या सेतूच्या वाटेवर हीं छत्रें ठिकठिकाणीं होतीं. त्यांतील कांहीं राजघराण्याशीं संबंध असलेल्या स्त्रियांच्या नांवें ओळखलीं जात. नीडामंगलचें यमुनांबेच्या नांवाचें, आणि ओरत्तनाडास सरफोजीराजांनीं मुक्तांबेच्या नांवें पुढें बांधलें तें प्रसिद्धच आहे. खर्च चाले तो लावून दिलेल्या गांवांच्या उत्पन्नावर.

सन १७९९ च्या तहानें राज्यकारभार कुंपणीकडे गेला. राजांकडे सालीना १ लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा एवढेंच उरलें. मग छत्रांचें काय? जानेवारी १८०१ मध्यें सरफोजींनीं इंग्रज अधिकाऱ्यांस याविषयीं सविस्तर पत्र लिहिलें. त्याची इंग्रजी प्रत उपलब्ध आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंस, तसेंच जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांस शिजलेला भात मिळे; तो न चाले त्यास शिधा. मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी असल्यास यावें, असें पुकारीत. प्रत्येक छत्रीं चार वेदांचे अध्यापक, एक पंतोजी, आणि सूज व विषबाधा यांवर उपचार जाणणारे वैद्य नेमलेले असत. परक्यांचीं पोरकीं मुलें पंतोजीच्या हवालीं करीत. त्यांस दिवसांतून तीन वेळ जेवण, चौथ्या दिवशीं तेल, वस्त्र, औषध, आणि विद्या. आजारी प्रवाशास बरा होईपर्यंत पथ्याचें अन्न मिळे.

वर्णन मोठें आहे, परंतु तें राजांनीं आपला पक्ष मांडण्यासाठीं लिहिलें आहे, हें विसरतां कामा नये. आपलें राज्य धर्मराज्य म्हणून गाजलें, हा राजांचा अभिमान. आणि ज्यांच्या हातीं सत्ता गेली त्यांचें मन वळविणें, ही त्यांची गरज. तेव्हां पत्रांतील गोष्ट पत्रावरूनच खरी मानणें बरें नव्हे. धान्याच्या खरेदीवरूनही ती सिद्ध होत नाहीं, कारण धान्य कोठारांत पडूनही राहूं शकतें. परंतु मध्यरात्रीपर्यंत जागून घंटा वाजविणाऱ्याचें, पथ्य रांधणाऱ्याचें, वैद्याचें वेतन महिनेमहाल चुकतें झालें असेल, तर छत्र खरोखर चाललें असें म्हणतां येईल. पंतोजीचा पगार बंद पडला कीं पोरक्या मुलांचें काय झालें, हें निराळें लिहून ठेवण्याचें कारण उरत नाहीं!

१८५५ सालीं शिवाजीराजे पुत्रसंतानावांचून वारले, राज्य खालसा झालें, आणि छत्रांची व्यवस्थाही सरकारी हातांत गेली. त्या पूर्वीचे मोडी कागद मात्र विपुल आहेत. सरस्वती महालांतील व तमिळ विद्यापीठांतील रुमाल अभ्यासकांस ठाऊक आहेत, व त्यांतील पुष्कळांचें तमिळ भाषांतरही विद्यापीठानें छापलें आहे. मूळ भाषा मराठी असतां आपण तमिळ वाचणाऱ्यांच्या मागें असावें, हें थोडें लाजिरवाणें खरें.

असो. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, कोणत्याही छत्राचें दप्तर हातीं आल्यास शिक्क्याची सनद वेगळी काढून उरलेले हिशेबी बंद रद्दींत घालूं नयेत. बंद मूळच्या क्रमानेंच बांधावे, व यादी करतांना चाकराचें नांव, काम, वेतन आणि तें रोख कीं धान्यरूपानें दिलें, हीं चार सदरें अवश्य ठेवावीं.