रामजी सुभेदारांची शिकवणी

परवा हापिसात जेवताना विषय निघाला तो नर्सरीच्या फीचा. आमच्या टीममधल्या एकाची मुलगी साडेतीन वर्षांची. दोन शाळांचे फॉर्म, एक फोनिक्सचा क्लास, वर टॅबलेटवरचं ए-बी-सी-डीचं ॲप. सगळं सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "पण खरं सांगू का, तिच्याबरोबर बसायला वेळच मिळत नाही यार." पुढे कुणी काही बोललं नाही. ताक पिऊन सगळे उठले.

माझं अजून लग्न नाही, तेव्हा उपदेश करायचा मला काही अधिकार नाही. पण त्या दिवशी घरी येताना बसमध्ये एक बाप सारखा आठवत होता. आपल्याकडे त्याच्या मुलाचे पुतळे चौकाचौकात आहेत, आणि बापाचं नाव आपण फक्त मधलं नाव म्हणून घेतो. भीमराव *रामजी* आंबेडकर.

आता हे रामजी मुलाला शिकवू शकले ते कशामुळे? 'शिक्षणाची तळमळ' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. तळमळ असलेले बाप तेव्हाही खूप असतील. रामजींना स्वतःला लिहिता-वाचता येत होतं, हा खरा मुद्दा. आणि ते यायचं कारण होतं फौज. त्यांचे वडील मालोजीही कंपनी सरकारच्या फौजेत होते. गावच्या शाळेचं दार ज्यांना बंद, त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळेत मात्र बसता येत होतं. रामजी तिथे शिकले, मास्तर झाले, चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले ते अशा घरात. पुढे थोड्याच वर्षांत सरकारने महारांची फौजभरतीच बंद केली. म्हणजे ज्या शिडीने हे घर वर आलं ती मागच्यांसाठी काढून घेतली गेली. आईबापाची भूमिका वगैरे आपण बोलतो तेव्हा हा भाग विसरतो. बाप शिकवतो, पण आधी बापाला कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव दाखल झालं. (महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.) तिथलं गोणपाट, आणि शिपाई नसला की पाणी नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. त्याच सुमारास रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलं साताऱ्यात. सुट्टीत या, असं वडिलांनी कळवलं. पोरांनी येण्याचा दिवस कळवणारं पत्र पाठवलं आणि नवे कपडे घालून निघाली. मसूरच्या स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणीच नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून प्रवास. का, तर पत्र पोचलं होतं, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलंच नव्हतं!

मला या प्रसंगात ते पत्र फार टोचतं. पोरांनी शिकलेली अक्षरं बरोब्बर वापरली होती. चूक त्यांची नव्हतीच. लिहिता येणं पुरेसं नसतं, हे त्यांना त्या एका रात्रीत कळलं.

पुढे हे कुटुंब मुंबईला आलं. परळची डबक चाळ, एकच खोली, त्यात सगळा संसार. इथली रामजींची 'सिस्टीम' ऐका. रात्री मुलाला लवकर झोपवायचं, आपण जागं राहायचं, पहाटे दोनला त्याला उठवायचं आणि मग स्वतः आडवं व्हायचं. खोली एकच, म्हणून शांतता शिफ्टमध्ये वाटून घेतलेली! इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, दोन्ही घरीच करून घेतलेल्या. मुलाने नवं पुस्तक मागितलं आणि खिशात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, उसने मागायचे, नाहीतर त्यांचा एखादा दागिना गहाण टाकायचे. पेन्शन आलं की सोडवायचे. त्या दागिने देणाऱ्या बहिणींबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो भाग वेगळाच आहे. रामजी धार्मिक वृत्तीचे, कबीरपंथी. रोज संध्याकाळी मुलांकडून रामायण-महाभारत मोठ्याने वाचून घ्यायचे. एक दिवस मुलाने विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्याला खालचं ठरवलंय ते आपण का वाचायचे? वडिलांनी उत्तर दिलं: न्यूनगंड जावा म्हणून, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, कुठून कुठे गेले. मुलाला ते पटलं नाही. भीष्म, द्रोण, राम, कृष्ण, एकेकाबद्दलचा आक्षेप त्याने सांगितला. वडील गप्प राहिले. त्यांनी रागावून पुस्तक काढून घेतलं नाही आणि मुलाला मारलंही नाही. १९५६ साली, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, बुद्धावरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा संवाद सांगितला आहे. पन्नास वर्षं तो त्यांच्या लक्षात राहिला होता.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक गंमत आहे. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला म्हणून वस्तीने सत्कार करायचं ठरवलं, तर रामजींनी चक्क नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून! शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी समजूत घातली. (चरित्रकार धनंजय कीर हा समारंभ १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात.) त्या समारंभात केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते पुस्तक मुलाला कुठे घेऊन गेलं ते सांगायला नको.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. मुलगा तेव्हा बडोद्याच्या नोकरीत नुकताच रुजू झाला होता, तार मिळाल्यावर धावत आला. त्याच वर्षी तो कोलंबिया विद्यापीठात पोचला. ते बघायला बाप नव्हता. न्यूयॉर्कहून त्याने वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. आशय असा, की आईबाप फक्त जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता टाकून द्या. मुलाचं नशीब त्यांना घडवता येतं. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवा.

बाविशीतल्या मुलाने हे लिहिलंय, नुकताच बाप गेलेल्या. हे वाक्य त्याला कुठल्या वर्गात नाही, डबक चाळीत मिळालं होतं.

असो. सोमवारी त्या मित्राला ही गोष्ट सांगणार आहे. फी भर, ॲपही ठेव बाबा. पण रोज पंधरा मिनिटं तिच्याकडून काहीतरी मोठ्याने वाचून घे. आणि ती "हे असं का?" म्हणाली, आणि तुला उत्तर आलं नाही, तर निदान गप्प बस. पुस्तक मात्र बंद करू नकोस.