मोटरहोम समृद्धीवर तापते की टोलच्या रांगेत? इंजिन गरम होण्याचं कारण असं ओळखा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. सरळ रस्ता, सलग वेग, त्यात मोटरहोमचं वजन आणि एसी. इंजिनला उसंत मिळत नाही आणि टेम्परेचरचा काटा वर चढतो. बिघाड नेमका कुठे आहे? त्यासाठी आधी बघायचं, गाडी कधी तापते.

उभी असताना तापते, पळवली की काटा उतरतो: संशय फॅनवर. वेगात वारा आपोआप रेडिएटरला लागतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. फ्यूज, रिले आणि फॅनची मोटर तपासा.

वेगात किंवा चढावर तापते: रेडिएटर चोंदलेला असू शकतो. बाहेरून धूळ-किडे, आतून क्षार. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत राहिलं की आत थर बसतो. वॉटर पंपही बघून घ्या.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते: कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. इंजिन तापूनही रेडिएटरचा खालचा पाइप गार राहिला, तर थर्मोस्टॅटचीच शक्यता जास्त.

गळती दिसत नाही, तरी कूलंट घटतं: सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

रस्त्यात काटा चढला तर?

एसी बंद करा, हीटर फुल करा. हीटर इंजिनची उष्णता आत खेचतो. काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा. सगळे जण गाडीतून उतरून रेलिंगपलीकडे थांबा.

रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नका. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो. शिट्टी न जाता कुकर उघडल्यावर जे होईल, तेच इथे तोंडावर होतं. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

एक फसवी गोष्ट: कूलंट पूर्ण संपलं, तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीच राहू शकतो. म्हणून निघण्याआधी, इंजिन गार असताना, टाकीतली पातळी डोळ्यांनी बघा.