भाडेकरारातली वीज

न्यूयॉर्कच्या जुन्या कचेऱ्यांत वीज वाया जाते याचा ठपका सहसा जुनाट यंत्रांवर ठेवला जातो. पण यंत्रे बदलली का गेली नाहीत, हे शोधताना भाडेकरारच उलगडून पाहावा लागतो. वातानुकूलनाच्या नव्या चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) खर्च मालकाने करायचा आणि कमी झालेल्या बिलाचा फायदा भाडेकरूने घ्यायचा, अशी वाटणी असेल तर मालक खिशात हात कशाला घालेल? बचतीसाठी केलेला खर्च वसूल करण्याची मुभा पुष्कळ करारांत होती, पण ती यंत्राच्या आयुष्याइतक्या वर्षांत, हप्त्याहप्त्याने. इतका धीर असणारे मालक विरळाच.

२०११ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने मालक, भाडेकरू आणि वकिलांना एकत्र बसवून या वाटणीवर तोडगा म्हणून भाडेकरारात घालायचे एक कलम तयार केले. ७ वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीत विल्मरहेल या वकिली पेढीच्या करारात ते कलम प्रथम उतरले. वसुली यंत्राच्या आयुष्यावर नव्हे, तर अपेक्षित बचतीवर बेतायची, ही त्यातली मेख. समजा, एक लाख डॉलर खर्चून वर्षाला २५ हजार वाचणार आहेत. मग मालकाने चार वर्षांत सगळे वसूल करावे, असे सरळ गणित सांगते. भाडेकरू मात्र विचारणार, की अभियंत्याचा अंदाज चुकला तर? म्हणून त्याने अंदाजाच्या ८० टक्केच, म्हणजे वर्षाला २० हजार द्यायचे आणि वसुली पाच वर्षांवर न्यायची. वकिलांच्या कामात इतका व्यवहारी शहाणपणा क्वचित दिसतो.

सक्तीचा कायदा केला असता तर हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. तसा कायदा २०१९ मध्ये झालाच. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींवर २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा आली आणि ती ओलांडल्यास दंड मालकाला. पण वीज मोठ्या प्रमाणात भाडेकरूंच्या मजल्यांवरच जळते. कायदा मर्यादा घालतो, ती पाळण्याचा खर्च कोणी किती उचलायचा हे करारच ठरवतो.

मालकाने खर्च का करावा, हा प्रश्न मुंबईतही आहे, पण तिथला इतिहास वेगळा. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यात कचेऱ्याही आल्या. मालकांना साध्या दुरुस्तीतही रस उरला नाही. १९९९ च्या कायद्याने एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांचे संरक्षण काढले, भाडी मोकळी झाली. इमारतींसाठीची २००७ ची ऊर्जासंहिता मात्र बांधकामापुरतीच राहिली; भाडेकरारातल्या खर्च-फायद्याच्या वाटणीला तिने हात लावला नाही.