चूल, नवी बसवलेली : न पेटण्याचे दोष व त्यांचे निदान

धुराडे असलेली बंद चूल नव्याने बसवल्यावर ती न पेटणे, पेटून लगेच विझणे, तोंडावाटे धूर घरात परत येणे, किंवा पुढच्या भांड्याखाली जाळ लागूनही मागचा वैल थंडच राहणे, या तक्रारींचा एकत्र विचार या नोंदीत केला आहे. थंड देशांत घर उबदार ठेवणारी भट्टी बसवतात आणि ती पेटत नसेल तर दोष ठिणगीत, झडपेत किंवा ज्योत ओळखणाऱ्या भागात शोधतात. कावेरीकाठच्या तलकाडला (जि. म्हैसूर) किंवा महाराष्ट्राच्या देशावर घर तापवण्याची वेळ सहसा येत नाही, घरात बांधून बसवलेली भट्टी म्हणजे स्वयंपाकाची चूल आणि आंघोळीच्या पाण्याचे चुलाण. तिच्या बाबतीत प्रचलित समजूत अशी की, लाकूड ओले आहे किंवा पेटवणारीला नव्या चुलीची सवय नाही. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. नवी चूल पेटत नाही तेव्हा दोष बहुधा धुराड्याच्या ओढीत असतो आणि ओढ बिघडते ती चूल बांधताना. म्हणून तपासणी धुराड्याच्या टोकापासून सुरू करून तोंडाकडे यावे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका. बिनधुराची चूल भारतात प्रथम कोणी केली याविषयी एकमत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात झालेली मगन चूल आणि हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ च्या पुस्तिकेतून मांडलेली चूल या दोन्हींचा उल्लेख आद्य म्हणून होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रविज्ञानाचा विभाग सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा या गावी त्याचे क्षेत्रकेंद्र होते. तिथल्या कामातून ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) ही तीन भांड्यांची, लोखंडी जाळीची, झाकणबंद तोंडाची आणि धुराड्याची मातीची चूल कर्नाटकात पसरली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाला व २००२ मध्ये बंद झाला. या काळात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद आहे. बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या. पहिल्या दिवशी नीट पेटलेल्या किती, हे मोजण्याची पद्धत नव्हती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही उणीव सर्वांत मोठी आहे.

ओढ. धुराड्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी असते. तिच्या वर जाण्याने चुलीच्या तोंडातून नवी हवा आत खेचली जाते. हीच ओढ. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी १५०° सेल्सिअस तापमानाचा धूर असेल आणि बाहेर ३०° असेल, तर ओढ जेमतेम १० पास्कल, म्हणजे एक मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी भरते. तोच धूर ६०° पर्यंतच तापला असेल तर ओढ ३ पास्कलांवर येते. पहाटे, धुराडे आणि बाहेरची हवा सारखीच गार असताना, ती शून्य असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीला या आकड्यांशी कर्तव्य नसते, कारण तिला हवा चहूबाजूंनी मिळते. बंद चुलीचे तसे नाही. तिचा सगळा जाळ या मिलिमीटरभर ताकदीवर चालतो. पेटवताना सर्वांत जास्त हवा लागते आणि नेमकी त्याच वेळी ओढ सर्वांत कमी असते. चांगली बांधलेली चूल ही अडचण मिनिटा-दोन मिनिटांत ओलांडते, कारण पहिल्या काटक्यांची ऊब अडथळ्याविना धुराड्यात पोचते. वाट अडलेली असेल तर ऊब धुराड्यात पोचत नाही, ऊब पोचत नाही म्हणून ओढ लागत नाही, आणि ओढ नाही म्हणून काटक्या विझतात. फुंकणीने फुंकत राहिले तर जाळ तेवढ्यापुरता उठतो. फुंकणे थांबले की धूर पुन्हा तोंडाशी येतो. ही खूण ओळखावी, कारण ओले लाकूड आणि मंद ओढ यांतला फरक इथेच दिसतो.

वारा. तलकाडचे उदाहरण या भागासाठी विशेष उपयोगी आहे. पश्चिम गंग घराण्याच्या या जुन्या राजधानीतली देवळे वाळूखाली गेली. म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरात तिथल्या वाळूच्या टेकड्या वर्षाला नऊ-दहा फूट या गतीने घरांकडे सरकत असल्याचे आणि हे मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत घडत असल्याचे नमूद आहे. ही वाळू नदीपात्रात का साठली, कावेरीवरच्या माधवमंत्री बंधाऱ्याचा त्यात किती वाटा, हा वेगळा आणि वादाचा प्रश्न आहे. इथे महत्त्वाचे एवढेच की, टेकडी हलवणारा वारा कुठून व कोणत्या महिन्यांत वाहतो हे लिखित आहे, आणि तोच वारा त्या गावच्या धुराड्यांवरूनही जातो. ताशी १८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे १४ पास्कल होतो. तो सगळा धुराड्यावर येत नाही, पण निम्मा जरी उलट दिशेने आला तरी नुकत्याच पेटवलेल्या चुलीची सारी ओढ खाऊन टाकतो. कौलारू घराच्या आढ्यापेक्षा बुटके धुराडे ईशान्येकडच्या पाख्यावर काढले असेल, तर आढ्यावरून उतरणारा वाऱ्याचा भोवरा थेट त्याच्या तोंडावर बसतो. जवळ नारळाची दाट रांग किंवा उंच टेकाड असेल तरी परिणाम तसाच. अशी चूल उन्हाळ्याच्या निवांत सकाळी उत्तम पेटते आणि जूनमध्ये पेटेनाशी होते. मग पावसाने लाकूड भिजले असे म्हटले जाते. लाकूड खरोखरच भिजलेले असते, म्हणून समजूत पक्की होते. पण कोरडे सरपण वापरूनही धूर परत येत असेल आणि वारा पडताच चूल सुधारत असेल, तर धुराडे आढ्याच्या वर किमान दोन फूट नेणे व त्यावर टोपी बसवणे हाच उपाय. स्वयंपाकघराचे दारही पाहावे. वाऱ्याच्या आडोशाकडचे दार उघडे असेल तर वारा खोलीतली हवा बाहेर ओढून घेतो आणि धूर तिच्या मागे चुलीच्या तोंडातून येतो. दार लावताच चूल सुधारली तर चुलीला हात लावण्याचे कारण नाही. हवेसाठी वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी.

वाट. नव्या चुलीत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा दोष म्हणजे बांधकामातच बुजलेली वाट. एका वैलाकडून दुसऱ्याकडे जाणारा बोगदा लिंपताना आत गळून पडलेला चिखल, विटेचा तुकडा, किंवा धुराड्याच्या पायथ्याशी नळी चिखलात जास्त खोल रुतल्याने अर्धे बंद झालेले तोंड. वरून लिंपण गुळगुळीत असते, त्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही. बोगद्यातून हात किंवा काठी घालून पाहिल्याशिवाय गवंड्याने उठू नये. दुसरा दोष भांड्यांचा. अस्त्र चुलीची भोके ठरावीक भांड्यांच्या मापाने घेतलेली असतात. घरातले भांडे लहान असेल तर कडेच्या फटीतून गार हवा आत शिरते, ती तोंडाकडची हवा आत घेण्याची गरजच संपवते आणि धुराडेही गार करते. त्यामुळे रिकाम्या भोकांवर चूल पेटवून पाहणे निरर्थक आहे. सर्व वैलांवर पाणी घातलेली भांडी ठेवूनच चाचणी घ्यावी. जाळीखालचा राखेचा खण नव्या चुलीत रिकामा असतो, म्हणून तिथे दोष नसतो असे मानतात. पण जाळी उलटी किंवा फार खाली बसली असेल तर तीही हवा अडवते.

ओलावा. चूल बांधून दुसऱ्याच दिवशी मोठा जाळ करणे हे अनेक तक्रारींचे मूळ आहे. शंभर किलो मळलेल्या मातीत १५ ते २० किलो पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता लागते आणि एक किलो पूर्ण वाळलेले लाकूड सुमारे १८ मेगाज्यूल देते. म्हणजे ओल्या भिंती सुरुवातीचे काही जाळ अक्षरशः पिऊन टाकतात. धुराड्यापर्यंत ऊब पोचत नाही आणि ओढ लागत नाही. शिवाय घाईने तापवलेली माती तडकते, तड्यांतून हवा शिरते आणि तात्पुरता दोष कायमचा होतो. सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू देणे, मग रोज थोडा वेळ काटक्यांचा बारीक जाळ करणे ही जुनी रीत बरोबर आहे. मातीत वाळू, शेण व भुसा किती घालावा याविषयी प्रांतोप्रांती वेगळे सांगतात.

सरपणाचा आक्षेप. ओले लाकूड हेच कारण, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. हवेत नीट वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येते. त्या पाण्याची वाफ झाल्याशिवाय लाकूड पेट घेण्याजोगे तापत नाही. हे सारे मान्य करूनही निदान बदलत नाही. ओले लाकूड कमी जळते व जास्त धूर करते, पण धुराची दिशा ठरवीत नाही. ओढ ठीक असेल तर ओल्या लाकडाचा दाट धूरही धुराड्याने बाहेर जातो, चूल फक्त रेंगाळते. धूर तोंडाने परत येतो तेव्हा प्रश्न दिशेचा असतो आणि दिशा वाटेने व वाऱ्याने ठरते. पडताळा सोपा आहे: पेटती उदबत्ती गार चुलीच्या तोंडाशी धरावी, मग धुराड्याच्या पायथ्याशी कागदाचा बोळा जाळून पुन्हा धरावी. दुसऱ्या वेळी धूर आत वळला तर वाट मोकळी आहे, धुराडे फक्त गार होते. रोज असाच कागद जाळून चूल पेटवावी. तरीही धूर बाहेरच आला तर वाट बुजलेली आहे किंवा वारा उलटा आहे. या चाचणीत लाकडाचा एक तुकडाही लागत नाही, त्यामुळे सरपणाला दोष देण्याची सोय उरत नाही.

वापराचा आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चुली चांगल्या असतात, घरचे लोक त्या राखत नाहीत. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी ओडिशात काही वर्षे केलेल्या अभ्यासात धुराड्याच्या चुलींमुळे श्वासातला धूर पहिल्या वर्षी कमी झाला, पुढे तो फायदा उरला नाही. चुली नियमित वापरल्या व दुरुस्त केल्या गेल्या नाहीत, असे कारण त्यांनी दिले. हा पुरावा नाकारण्याचे कारण नाही. पण तो जुन्या होत गेलेल्या चुलीविषयी आहे. पहिल्याच दिवशी न पेटणाऱ्या चुलीत काजळी साठायला वेळच मिळालेला नसतो. तिथे निगेचा प्रश्न लागू होत नाही. उलट, जिच्यापुढे पहिला आठवडा डोळे चोळत काढला ती चूल पुढे कोणी का राखावी, हा प्रश्न त्या निष्कर्षासमोर ठेवायला हवा. महाराष्ट्रात पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (‘आरती’) चूल साच्यावर काढण्याची रीत रूढ केली, ती याच दृष्टीने महत्त्वाची. साच्यातून आलेल्या लक्ष्मी चुलीची आतली मापे हाताच्या अंदाजावर राहत नाहीत आणि कुंभार किंवा गवंडी बदलला तरी बोगदा तेवढाच राहतो. दोष बांधणीत आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनी बायकांना प्रशिक्षण देण्याआधी साचा केला. धुराडे उभारणे मात्र साच्याने सुटत नाही. ते प्रत्येक घराच्या छपरावर, वारा पाहूनच करावे लागते.

तपासणीचा क्रम. आधी छपरावर : धुराडे आढ्याच्या वर आहे का, टोपी आहे का, टोपी व नळी यांत पुरेसे अंतर आहे का. मग नळीचे सांधे आणि छपरातून नळी जाते ती जागा. मग पायथा, त्यातून काठी. मग बोगदे. मग भांड्यांच्या कडा. मग जाळी व तिच्याखालचा खण. सर्वांत शेवटी सरपण. हा क्रम उलटा केला की प्रत्येक पायरीवर घरातल्या बाईला आणखी एकदा फुंकायला लावले जाते आणि तो धूर तिच्याच छातीत जातो. चूल बसवणाऱ्याने ही तपासणी भांडी ठेवून, पेटवून, एकदा निवांत हवेत व एकदा वाऱ्यात करून मगच काम पुरे झाल्याचे नोंदवावे. पैसे बांधणीवर न देता अशा पेटवणीवर द्यावेत, असे सुचवणे या नोंदीच्या मर्यादेत बसते.

गॅस आल्यावर हा विषय कालबाह्य झाला, असेही म्हणतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली व जोडण्या घरोघरी गेल्या. तथापि सिलिंडर असलेल्या पुष्कळ ग्रामीण घरांत आंघोळीचे पाणी, भाकरी किंवा रागी मुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे), गुरांचे आंबोण यांसाठी चूल सुरूच आहे.

पाण्याचा बंब. यातही प्रश्न ओढीचाच; मधली नळी हेच धुराडे. ती आखूड असल्याने वाऱ्याचा परिणाम अधिक.

गॅस गिझर. नवा न पेटल्यास पाण्याचा दाब, बॅटरी आणि नळीत राहिलेली हवा पाहावी. धूर वाहून नेणारी नळी व खोलीतली खेळती हवा यांविषयी तडजोड करू नये.