प्रथमपुरुषावाचून आत्मकथन : बिल डग्लस यांची चित्रपटत्रयी

आत्मचरित्रकाराला व्याकरणाने एक सोय करून दिलेली आहे : 'मी' हे सर्वनाम. चित्रपटाजवळ असे सर्वनाम नाही. पडद्यावरचा मुलगा प्रेक्षकाच्या दृष्टीने नेहमी 'तो'च असतो. बहुतेक दिग्दर्शक निवेदकाचा आवाज योजून ही उणीव भरून काढतात. स्कॉटलंडचे बिल डग्लस (१९३४–१९९१) यांनी ती भरून काढली नाही, आणि त्यांच्या त्रयीचे महत्त्व बहुतांशी या नकारातच आहे.

'माय चाइल्डहुड' (१९७२), 'माय एन फोक' (१९७३) व 'माय वे होम' (१९७८) हे चित्रपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने निघाले. पहिला तर जेमतेम पाऊण तासाचा. एडिंबरोजवळच्या न्यूक्रेगहॉल या खाणकामगारांच्या गावी दारिद्र्यात गेलेले स्वतःचे बालपण हा डग्लस यांचा विषय होय. गॉर्कीच्या आत्मचरित्रावरून मार्क डॉन्स्कॉय यांनी १९३८ ते १९४० या काळात केलेली त्रयी येथे सहज आठवते. परंतु तिच्यामागे एक सिद्ध ग्रंथ उभा होता. डग्लस यांच्यामागे केवळ स्मृती होती. शीर्षकांत तिन्ही वेळा 'माझे' येते, नायकाचे नाव मात्र जेमी.

संवाद अत्यल्प आहेत. जेमी कपात कढत पाणी ओततो, ते फेकून देतो आणि तापलेला रिकामा कप आजीच्या गारठलेल्या हातांत देतो. चहा नाही, ऊब आहे. मायेचा शब्द उच्चारण्याची रीत या घरात नाही. भावविवशतेला येथे वाव मिळत नाही तो यामुळेच. जेमीचे खरे बोलणे चालते ते शेतावर राबणाऱ्या हेल्मुट या जर्मन युद्धकैद्याशी. तो त्याला पुस्तकावरून इंग्रजी शिकवतो. ज्याच्याशी भाषा समान नाही त्याच्याशीच संभाषण व्हावे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे हेल्मुटही निघून जातो.

दुसऱ्या चित्रपटाच्या नावातील 'एन' हे 'स्वतःचे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्कॉट्स रूप. याच नावाचे घरच्या ओढीचे एक गीत स्कॉट लोकांत परिचित आहे. चित्रपटातली 'आपली माणसे' जेमीला छळतात व अखेरीस त्याची रवानगी बालगृहात होते. शीर्षकातला उपरोध त्या बोलीत वाढलेल्या प्रेक्षकालाच पुरता बोचावा. आरंभी 'लॅसी कम होम' (१९४३) मधील रंगीत दृश्ये येतात. हॉलिवुडने रंगविलेला तो निसर्ग संपतो आणि खाणीच्या गावाचा करडा रंग सुरू होतो. त्यावर भाष्य करणारा आवाज येथेही नाही.

तिसरा चित्रपट काहीसा सैल आहे. हवाई दलातील सक्तीच्या सेवेसाठी जेमी इजिप्तला जातो. तेथे भेटलेला सुशिक्षित रॉबर्ट त्याच्यापुढे पुस्तकांचे जग उघडतो. जेमी बोलू लागतो, पण चित्रपट त्याच्या बोलण्यावर संपत नाही. कॅमेरा न्यूक्रेगहॉलच्या घरातील ओक्याबोक्या खोल्यांतून फिरतो आणि मग मोहरलेली झाडे दिसतात. त्या चौकटीत माणूस नाही, 'तो'ही नाही.