श्वार्ट्झ आणि सरफोजी

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील चर्चमध्ये कंपनी सरकारने उभारलेले श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचे स्मारक पाहिले, की आम्हांस तंजावर आठवते. १७५० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हा तरुण धर्मप्रसारार्थ हिंदुस्थानात आला. तो तमिळ शिकला. पुढे मराठीही शिकला. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाजीराजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी त्याच्या हाती सोपविला. गादी मात्र अमरसिंहाकडे गेली. मुलाच्या जिवास अपाय होईल या भयाने १७९३ मध्ये त्यास मद्रासेस हलविले. शिक्षण तेथे चालू राहिले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला व त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. शिष्य अखेरपर्यंत हिंदूच राहिला. तरीही तंजावरच्या चर्चमध्ये त्याने गुरूचे संगमरवरी स्मारक उभारले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला सरफोजी कोरलेला आहे. धर्म देण्यास आलेल्या परदेशस्थास एका मराठी राजाने असा निरोप दिला.